हौशी माणसाने किती दमायचं?

‘ऑलिंपिकला जायचंय का तुला?’ माउंटन बाइकच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक नोकरदार माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याचा निवाडा आधीच झालेला असतो. सायकल चालवणं चांगलंच, असं तो म्हणतो. रविवारी सकाळी चार मित्रांबरोबर खडकवासल्यापर्यंत जावं, कणीस खावं, परत यावं, तब्येतीला बरं. पण पहाटे साडेचारला उठून ठरवून सराव करायचा, छातीला पट्टा बांधून नाडी मोजायची, रजा साठवायच्या, पैसे साठवायचे आणि कुठल्या तरी डोंगरात शंभर किलोमीटर दगडधोंड्यांतून रखडत जाऊन दोनशे जणांत एकशे चाळिसावं यायचं, हे कशासाठी? तरुणपणी केलं तर नसते उद्योग, चाळिशीनंतर केलं तर म्हातारचळ.

हे मत मी फार ऐकलं आहे आणि आता त्यावर मान डोलावून गप्प बसणं मला जमणार नाही. ते चुकीचं आहे. शिवाय ते काळजीच्या, वडीलकीच्या सुरात सांगितलं जात असल्यामुळे त्याला कुणी उलट उत्तर देत नाही, आणि सरावाला नुकती सुरुवात केलेली कितीतरी माणसं त्यापायी सायकल भिंतीला टेकवून ठेवतात.

विरोधकांचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो. ते म्हणतात, पहिल्या तिघांत येण्याची शक्यताच नसताना व्यावसायिक खेळाडूसारखा सराव करणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. ते म्हणतात, तासन् तास हृदयाला असं पळवणं धोक्याचं आहे आणि वय वाढतं तसा धोकाही वाढतो. ते म्हणतात, हा वेळ घरच्यांच्या वाट्याचा आहे, तो स्वतःसाठी वापरणं हा स्वार्थ आहे. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे आणि त्याने टेकड्यांची नासधूस होते, असंही ते म्हणतात. शेवटचा आक्षेप तर सायकलवाल्यांचाच असतो. आकड्यांच्या मागे लागलेल्या माणसाला सायकलचा आनंद मिळत नाही, असं त्यांना वाटतं.

या सगळ्यांच्या तळाशी समजूत एकच आहे. जीव तोडून मेहनत करण्याचा अधिकार असामान्य माणसाचा. सामान्य माणसाने सगळं बेताबेताने करावं. माझं भांडण या समजुतीशी आहे.

जिंकण्यापासून सुरुवात करू. हा आक्षेप घेणाऱ्यांना हा खेळ कसा चालतो हेच माहीत नसतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक मोठ्या माउंटन बाइक शर्यतींत विश्वविजेता आणि बँकेतला कारकून एकाच दिवशी, एकाच वाटेवरून, एकाच धुळीतून जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या पश्चिम केप प्रांतात २००४ पासून केप एपिक भरते. आठ दिवस, दोघादोघांचे संघ, सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर आणि पंधरा हजार मीटरच्या घरातला चढ. २०१६ चा ऑलिंपिक विजेता नीनो शुर्टर ही शर्यत २०१७ आणि २०१९ मध्ये आपल्या जोडीदारांसह जिंकला. त्याच्या मागून शेकडो हौशी जोड्या त्याच दगडांवरून गेल्या. जोडीदारांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हा तिथला नियम. तो शुर्टरला लागू होता तसाच शेवटच्या जोडीलाही. मार्ग तोच, चढ तोच, नियम तेच. मग तयारीच तेवढी बेताची का असावी? डोंगर काही हौशी माणसासाठी वेगळा उतार काढून ठेवत नाही.

आणि जिंकणाऱ्यांखेरीज बाकीचे कशाला येतात, असं विचारणाऱ्यांनी लेडव्हिलची गोष्ट समजून घ्यावी. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर वसलेलं हे खाणकामगारांचं गाव. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली क्लायमॅक्स ही मॉलिब्डेनमची खाण बंद पडली आणि गावाचा रोजगार गेला. खाणीत काम केलेल्या केन क्लोबर यांनी १९८३ मध्ये गावात शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. १९९४ मध्ये तेवढ्याच अंतराची माउंटन बाइक शर्यतही सुरू झाली. वाट कोलंबाइन खाणीपर्यंत चढते, पावणेचार हजार मीटरच्या आसपास, जिथे धडधाकट माणसालाही श्वास पुरत नाही, आणि तिथून मागे वळते. बारा तासांच्या आत परतणाऱ्या प्रत्येकाला पट्ट्याचं बक्कल मिळतं, नऊ तासांच्या आत आलं तर मोठं बक्कल. ते पहिल्या तिघांपुरतं राखून ठेवलेलं नाही. त्या गावातल्या खानावळी आणि खोल्या कुणी भरल्या? दरवर्षीच्या एका विजेत्याने? गावाला पुन्हा उभं राहायला हात दिला तो अकराव्या तासाला, साडेअकराव्या तासाला घामाने पांढऱ्या पडलेल्या जर्सीत येणाऱ्या लोकांनी. जिंकण्याची शक्यता नसताना वर्षभर सराव करणारी माणसं नसती, तर ही शर्यत आज कुणाला माहीतही नसती.

आपल्याकडेही वेगळं चित्र नाही. शिमल्याच्या डोंगरांत २००५ पासून अनेक दिवसांची माउंटन बाइक शर्यत भरत आली. आधी एमटीबी हिमाचल, मग एमटीबी हिमालय. पुढे सैन्यदलातले आणि नेपाळचे कसलेले सायकलपटू, मागे पुण्या-बंगळूरचे अभियंते, डॉक्टर, दुकानदार. मागच्यांना वगळलं तर पुढच्या दहा जणांसाठी कोण रस्ता अडवेल, कोण रुग्णवाहिका ठेवेल, कोण तंबू ठोकेल? ज्या देशात हौशी स्पर्धकांची मोठी फळी नाही, त्या देशात अव्वल खेळाडू आभाळातून पडत नाहीत. ऑलिंपिकबद्दल एवढी आस्था असणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पुण्यात चाळीस वर्षं पहाटे तानपुरा लावून बसणाऱ्या एखाद्या गृहिणीला आपण ‘सवाई गंधर्वला गाणार आहात का’ असं विचारत नाही. तिच्या रियाजापुढे आपण आवाज खाली करतो. ती मैफल कधी होणार नाही हे तिलाही माहीत असतं, आपल्यालाही. तरी षड्ज नीट लागला पाहिजे, हा तिचा आग्रह आपल्याला पवित्र वाटतो. मग शरीराच्या रियाजालाच तेवढा हिशेब का मागायचा? आपल्याला गळ्याची साधना कळते, बुद्धीची साधना कळते. पायांची, फुप्फुसांची, तोलाची साधना दिसली की मात्र आपण विचारतो, मिळणार काय?

काय मिळतं ते सांगतो. सैल मुरमाच्या खड्या चढावर नवखा माणूस उभा राहून पेडल मारतो, मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि तो उतरतो. वर्षभर सराव केलेला माणूस सीटवर किंचित पुढे सरकतो, कोपर खाली घेतो, छाती हँडलजवळ नेतो. मग पुढचं चाकही उचललं जात नाही आणि मागचं घसरतही नाही. उतारावर वळणाच्या आत ब्रेक दाबला की चाक निसटतं. ब्रेक वळणाआधी मारायचा आणि वळणात चाक मोकळं सोडायचं. नजर समोरच्या दगडावर ठेवली की सायकल दगडावरच जाते, म्हणून नजर त्यापलीकडच्या वाटेवर ठेवायची. हे सगळं ताज्या अंगाने कुणालाही जमेल. सहाव्या तासाला, हात थरथरत असताना, तहान लागलेली असताना जमणं म्हणजे लांब पल्ल्याची माउंटन बाइक. रस्त्याच्या सायकलिंगमध्ये दुसऱ्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेता येतो. डोंगरात तो फारसा मिळत नाही, वार स्वतःच्याच अंगावर. साखळी तुटली तर स्वतः जोडायची, टायर फाटला तर आतून तुकडा लावून पुढे जायचं. तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली नाहीत तर तीन-चार तासांत स्नायूंतला साठा संपतो आणि पाय दगड होतात. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं, मग तो खजूर असो, चिक्की असो की मीठ लावलेला उकडलेला बटाटा. पोटालाही हे शिकवावं लागतं. हे ज्ञान आहे. ते पुस्तकातून मिळत नाही आणि रविवारच्या कणसाबरोबरही मिळत नाही. ज्याला ते हवंसं वाटतं, त्याला ते मिळवण्यासाठी आधी कुणाचं पदक दाखवावं लागू नये.

आता हृदय. या मुद्द्यावर विरोधकांचा आवाज सगळ्यात ठाम असतो, आणि त्यांचा अभ्यास सगळ्यात कमी. वर्तमानपत्रात कुठे तरी वाचलेलं असतं की अति व्यायाम आळसाइतकाच घातक. ही बातमी कुठून आली? २०१५ मध्ये कोपनहेगनच्या एका दीर्घ अभ्यासातून निष्कर्ष निघाला की जोरदार धावणाऱ्यांचा मृत्युदर न धावणाऱ्यांसारखाच आहे. जगभर मथळे झाले. त्या जोरदार धावणाऱ्यांच्या गटात माणसं होती चाळिसाच्या आसपास, आणि मृत्यू झाले होते दोन. दोन मृत्यूंच्या आधारावर जगभरच्या धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या माणसांना भीती घातली गेली, आणि ती भीती अजून आमच्या नातेवाइकांच्या तोंडी आहे.

जे खरं आहे ते मी लपवत नाही. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची नव्वद किलोमीटरची स्कीइंगची शर्यत आहे. तिच्या बावन्न हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ती पाच किंवा अधिक वेळा पूर्ण केली, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका एकदाच पूर्ण करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त आढळला. हे गंभीरपणे घ्यायला हवं. धडधड वाटली, चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. चाळिशीनंतर तपासणी करूनच शर्यतीला उतरायचं. पण त्याच शर्यतीच्या स्पर्धकांचा आणखी एक अभ्यास आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. त्यात या लोकांचा मृत्युदर सर्वसाधारण स्वीडिश लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास निघाला. ही माणसं मुळातच निरोगी असतात, हे धरलं तरी शर्यतीने त्यांना संपवलं असं त्यातून मुळीच दिसत नाही. १९४७ ते २०१२ या काळात टूर द फ्रान्समध्ये भाग घेतलेल्या फ्रेंच सायकलपटूंचा अभ्यास झाला. त्यांचा मृत्युदर त्या वयाच्या फ्रेंच पुरुषांपेक्षा एक्केचाळीस टक्क्यांनी कमी होता. २०१८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने ट्रेडमिलवर तपासलेल्या एक लाख बावीस हजार लोकांची माहिती मांडली. शरीराची क्षमता जितकी जास्त, तितकं मरणाचं प्रमाण कमी, आणि हा फायदा कुठल्या वरच्या पातळीला थांबतो असं दिसलं नाही.

आता माझा प्रश्न. कुटुंबात मधुमेह असलेला, दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि संध्याकाळचे तीन तास सोफ्यावर घालवणारा माणूस सोसायटीत शेजारीच राहतो. हृदयविकार भारतीयांना कमी वयात गाठतो, हे हल्ली सगळ्यांनाच ठाऊक आहे. मग जिन्यात अडवून ‘जिवाला जप हो’ असं त्याला कधी कुणी म्हटलं आहे का? आम्हालाच का?

आणि ‘शर्यतीला जायचं तर जा, पण एवढा सराव कशाला’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. डोंगरातल्या शर्यतीत संकटात सापडतो तो सराव न केलेला माणूस. पहिल्या चढावर तो पुढच्यांबरोबर जाऊ पाहतो, पाणी कधी आणि किती प्यायचं हे त्याने कधी तपासलेलं नसतं, मीठ घेतलेलं नसतं, आणि चौथ्या तासाला दमलेल्या हातांनी तो उतार उतरायला लागतो. तिथे पडतो तो. सराव हाच हौशी माणसाचा विमा आहे. जो त्याला सराव सोडायला सांगतो आणि शर्यतीला मात्र जाऊ देतो, तो त्याची काळजी करत नाही, त्याला धोक्यात ढकलतो.

वयाचं तुणतुणं वाजवणाऱ्यांनी रोबेर मार्शाँ हे नाव लक्षात ठेवावं. १९११ मध्ये जन्मलेला हा फ्रेंच माणूस आयुष्यभर अग्निशमन, बागकाम, दारूचा व्यापार असले उद्योग करत राहिला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा सायकलीकडे वळला. वयाच्या १०१ व्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याने एका तासात सव्वाचोवीस किलोमीटर अंतर कापलं. मग शरीरशास्त्राच्या अभ्यासक वेरोनिक बिया यांनी त्याच्यासाठी सराव आखला. वर्षाला पाच हजार किलोमीटर, त्यातले ऐंशी टक्के सावकाश, वीस टक्के कठीण. दोन वर्षांत, म्हणजे १०३ व्या वर्षापर्यंत, त्याची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तेरा टक्क्यांनी वाढली. २०१४ मध्ये त्याने तासात जवळजवळ सत्तावीस किलोमीटर केले. शंभरी ओलांडलेलं शरीर शिस्तबद्ध सरावाला प्रतिसाद देतं, हे त्यातून सिद्ध झालं. मार्शाँ १०९ वर्षं जगला. त्याला कुणी म्हातारचळ म्हटलं असेल का? म्हटलं असेल तर त्या माणसाचं नाव आज कुणालाही ठाऊक नाही. माउंटन बाइकच्या मास्टर्स जागतिक स्पर्धा वयोगटांनुसार भरतात, पन्नाशीतले, साठीतले लोक त्यात उतरतात. वय हे सराव वेगळ्या पद्धतीने करण्याचं कारण आहे. विश्रांतीचे दिवस जास्त, झोप जास्त, ताकदीचे व्यायाम जास्त. सराव सोडण्याचं कारण ते नाही.

घरच्यांच्या वेळेचा आक्षेप मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला लांब उत्तर देतो. हौशी स्पर्धकाचा सराव आठवड्याला आठ-दहा तासांचा असतो, शर्यत जवळ आली की बारा. त्यातला बराचसा वेळ घरचे झोपलेले असताना जातो. तेवढे तास दुसरा माणूस मोबाइलवर, क्रिकेटच्या सामन्यासमोर, ऑफिसात साहेब निघेपर्यंत नुसता बसून घालवतो. ऑफिसात उशिरा बसणाऱ्याला आपण कर्तबगार म्हणतो. तोही वेळ घरच्यांच्याच वाट्याचा नाही का? त्याला स्वार्थी कुणी म्हणत नाही, कारण त्याच्या गैरहजेरीचा पगार मिळतो. म्हणजे आक्षेप वेळेचा नाहीच. बिनपैशाची, बिनउपयोगाची म्हणून वाटणारी मेहनत लोकांना सहन होत नाही, एवढंच.

पण एक गोष्ट मी मान्य करतो, आणि ती आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने नाही, त्यांच्या घरांच्या विरोधात जाते. नवरा पहाटे सराव करून येतो आणि डबे, पाणी, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधं हे सगळं बायको एकटी उरकते, असं चित्र खूप घरांत आहे. तिथे अन्याय होतोच. पण तो सायकलीमुळे होत नाही. सायकल यायच्या कितीतरी आधीपासून ते घर तसंच चालत होतं. सराव करणाऱ्या पुरुषाने आपल्या वाट्याचं काम करावं. रात्री भांडी घासून, सकाळची भाजी चिरून ठेवून झोपावं आणि बायकोच्या तासाभराच्या फिरण्याची, तिच्या कुठल्याही छंदाची जबाबदारी तितक्याच काटेकोरपणे पाळावी. हे न करता तो घाटात गेला तर त्याला जाब विचारा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन. पण तुम्ही हा जाब विचारता का? नाही. तुम्ही त्याला सायकल सोडून सोफ्यावर बसायला सांगता. त्याने बायकोच्या हातातलं एकही भांडं कमी होत नाही.

आणि सराव करणाऱ्या बायकांना तुम्ही काय विचारता? ‘मुलं कुणाकडे?’ हा प्रश्न पुरुषाला कधीच येत नाही. पहाटे पाचला अंधारात टेकडीवर एकटीने जायचं तर तिला कुत्र्यांचा, गाड्यांचा, माणसांचा विचार करावा लागतो. घरून निघताना घड्याळाचा, परत आल्यावर चेहऱ्यांचा. ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक १९९६ मध्ये अटलांटाला आली ती स्त्री-पुरुष दोघांसाठी एकदमच आली. आपल्या घरांत ती अजून दोघांसाठी आलेली नाही. कुटुंबाच्या नावाने गळा काढणाऱ्यांना याबद्दल काही बोलायचं असेल तर मी ऐकायला तयार आहे.

पैशाच्या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. लाखोंची कार्बन सायकल घेणारे आहेत, हे खरं. पण या खेळाला तेवढं लागत नाही. चांगले डिस्क ब्रेक आणि बऱ्या दर्जाचा पुढचा सस्पेन्शन असलेली हार्डटेल सायकल एका साध्या मोटारसायकलीपेक्षा कमी पैशांत येते, आणि मोटारसायकल घेणाऱ्याला परवडतं का, असं आपण विचारत नाही. ज्या खेळाची सुरुवातच भंगारातून झाली, त्याला श्रीमंतांचा खेळ म्हणणं इतिहासाला धरून नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तामालपायस डोंगरावर पोरं जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन उतरायची. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत लावली. उतार इतका खडा की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं रीपॅक.

टेकड्या खराब होतात, हा आरोप पुण्यात वरचेवर कानावर येतो. पावसाळ्यात भिजलेल्या वाटेवर चाक घासत उतरू नये, पायवाट सोडून नवी वाट पाडू नये, चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यावं. हे नियम मला मान्य आहेत आणि ते न पाळणाऱ्यांना मी स्वतः थांबवतो. पण अमेरिकेतल्या मोंटानात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओल्या वाटांवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली होती. आणि वेताळ टेकडीवर कोणती टांगती तलवार आहे हे पुणेकरांना ठाऊक आहे. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्यात या टेकडीवर पहाटे येणारे किती होते! टेकडी रोज पायांखाली आणि चाकांखाली अनुभवणारा माणूसच तिच्यासाठी उभा राहतो. ज्याने ती फक्त मोटारीच्या काचेतून पाहिली, त्याला बोगदा सोयीचाच वाटतो.

राहिला आकड्यांचा आक्षेप. तो आमच्याच माणसांचा आहे, म्हणून जास्त बोचतो. ‘मोकळेपणाने चालव, नाडी कशाला मोजतोस?’ मोजतो, कारण मोजलं नाही तर माणूस स्वतःला फसवतो. सावकाश जायच्या दिवशी तो पुढच्याला गाठायला जातो, जोरात जायच्या दिवशी दमलेला असतो, आणि दोन्ही दिवस मधल्याच कुठल्या तरी वेगाने निघून जातात. नॉर्वेत राहून अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासणाऱ्या स्टीफन सायलर यांना दिसलं की त्यांच्या सरावसत्रांपैकी साधारण ऐंशी टक्के सोपी असतात. सोपी म्हणजे खरोखर सोपी, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकी. नाडीचा आकडा हौशी माणसाला हाच संयम शिकवतो. सिंहगडाच्या रस्त्यावर गोळेवाडीच्या पुढचा चढ लागल्यावर तीन जण पुढे निघून जातात आणि तो त्यांना जाऊ देतो, कारण आज त्याचा दिवस सावकाश जायचा आहे. अहंकार एवढा आवरायला किती महिने लागतात हे ज्याने केलं आहे त्यालाच विचारा. आनंद बेफिकिरीतच असतो, असं कुणी सांगितलं? चांगल्या तयारीनंतर सहाव्या तासाला पाय अजून फिरत आहेत हे कळणं, मागच्या वर्षी उतरून ढकललेल्या दगडाळ चढावर या वर्षी पाय न टेकता वर पोचणं, या आनंदाला कमी दर्जाचा ठरवण्याचा हक्क कुणालाही नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि जोर देऊन सांगतो. मन लावून, आखून, रक्त आटवून एखादी अवघड गोष्ट शिकायला असामान्य असावं लागत नाही. ज्याचं नाव कधी वर्तमानपत्रात येणार नाही, त्यालाही स्वतःच्या शरीराची हद्द कुठे आहे हे पाहण्याचा अधिकार आहे. तो त्याला कुणी दिलेला नाही, त्यामुळे कुणी काढूनही घेऊ शकत नाही. जमलंच तर मदत करा. पहाटे निघणाऱ्याला एक वाटी पोहे झाकून ठेवा. बायको सरावाला गेली तर मुलांना शाळेत सोडा. आणि शर्यती भरवणाऱ्यांना माझं एक वेगळं मागणं आहे. मुक्कामावर शेवटचे स्पर्धक येण्याआधी मांडव उतरवलेला, पाण्याचे पिंप रिकामे आणि घोषणा करणारा बक्षिसं वाटून निघून गेलेला, असं मी पाहिलं आहे. ते बंद करा. वेळमर्यादा बारा तासांची जाहीर केली असेल तर बाराव्या तासाच्या शेवटच्या मिनिटापर्यंत घड्याळ चालू ठेवा, पाणी ठेवा, डॉक्टर ठेवा; आणि त्या मिनिटाला येणाऱ्या माणसाचं नाव पहिल्या आलेल्याच्याच यादीत, त्याच अक्षरात, त्याच्या वेळेसकट छापा.